कंसातला दाब

उद्यमबागेत रात्री सव्वादोनला
प्रेस न सांगता खाली आली.
पत्र्याचा कोपरा चेपला, एवढंच.
मोनाप्पा कंग्राळकरांनी हात आधीच मागं घेतला होता,
सवयीनं. माझ्यामुळं नव्हे.

तेलकट बाकावर लॅपटॉप. पडद्यावर चार पॉइंटर:
वर, खाली, थांब, सोड.
"ह्यात काम कुठं हाय गे?"
काम नाही ह्यात, मी म्हणते,
काम कुठं राहतं तेवढं आहे.
यंत्र आकडा उचलतं, त्या पत्त्यावर जातं,
आत जे असेल ते करून येतं.
नाव विचारत नाही.

"मग आमच्या गल्लीसारखंच की.
पाटी तीनदा रंगवली, कधी ह्या लिपीत, कधी त्या.
गॅसची टाकी एकदाबी चुकली न्हाई."

मग मी ती ओळ दाखवते,
दिवाळीआधी घाईत लिहिलेली. लॅम्डा:
बिननावाचं फंक्शन, जागच्या जागी मांडलेलं,
सुरुवातीला चौकोनी कंस,
आजूबाजूचं जे सोबत न्यायचं ते त्यात.
मी कंसात दाब ठेवला होता.
दाब कसला, दाबाचा पत्ता.
आणि ज्याच्या घरात तो दाब राहायचा
ते फंक्शन केव्हाच संपलेलं,
स्टॅकवरची त्याची खोली दुसऱ्याला दिलेली.
लॅम्डा तिथं गेला,
कुणाचा तरी आकडा घेऊन आला,
तीन लाख काहीतरी.
प्रेसनं तो खरा मानला.

मोनाप्पा बिडी पेटवत नाहीत, कानावर ठेवतात.
"नाक्यावरनं गडी आणताना
नाव न्हाई विचारलं तर चालतंय.
डबा बांधून आलायस काय, ते विचारायचं.
मालकाच्या घरी जेवतो म्हणणारा
दुपारी कुलूप बघून येतोय,
मग काय हाताला लागंल ते खातोय."

मी एक खूण खोडते. एकच.
आता दाबाची नक्कल डब्यात बांधून जाईल.
पाचदा चालवून बघतो. सहाव्यांदा ते स्वतः,
हात अजून मागंच.

फाइलीत असले आणखी तीन लॅम्डा आहेत.
त्यांचे कंस उघडायला आज डोळे नाहीत.
मोनाप्पा मेन स्विच पाडतात,
त्याच्या दांडीला आपली टोपी अडकवतात.
सकाळच्या पाळीला
कानडीत सांगायला नको, मराठीत सांगायला नको.
टोपी असेपर्यंत कुणी हात लावत नाही.