सासूबाईंची बाजू

ताकुतू नदीवरचा पूल लागायच्या आधी
रस्ता स्वतःच्याच पोटाखालून जातो.
डावीकडून आलेली मी उजवीकडे निघते,
मधे नेमकी कुठे बदलले
हे नऊ वर्षांत एकदाही नीट कळलेलं नाही.
पाठीमागे गयाना, पुढ्यात ब्राझील,
खाली बायका कपडे धुताहेत, त्यांना दोन्हीकडचा साबण चालतो.

गाडी मात्र बदलत नाही.
तिचं स्टिअरिंग उजवीकडेच.
लेथमला ते रस्त्याच्या मध्याशी असतं,
पूल ओलांडला की गवताच्या कडेला.
म्हणजे पुढे ट्रक आला की मला दिसतो ट्रक,
त्याच्या फळीवर रंगवलेली मेरी, आणि गवत.
समोरून काय येतंय ते दिसणार डाव्या खुर्चीला.

डाव्या खुर्चीत सासूबाई, दोना दोरालिसे,
मांडीवर कसाव्याच्या पिठाची पिशवी.
त्या म्हणतात, "वाइ!" म्हणजे जा.
मी जाते.

तिकडे भर दुपारी दिवे लावायचे, नाहीतर दंड.
इकडे दुपारी लावले तर चौघं हात करून सांगतात,
बाई, दिवे राहिले.
तिकडे समोरच्याने दिवे मिचकावले की पुढे पोलीस.
इकडे पुढे पोलीस म्हणजे सिरिलचा मेहुणा,
त्याला हॉर्न देऊन विचारायचं, जेवलास का.
इकडे हॉर्न म्हणजे नमस्कार, आभार, सरक, आणि तुझी गाय आवर.
बोआ व्हिस्तात पहिल्याच दिवशी
मी एका माणसाचे आभार मानले.
तो गाडीतून उतरला.

आणि ट्रकवाले.
उजवा दिवा लावला तर: ये, रस्ता मोकळा आहे.
आमच्याकडे उजवा लावणारा उजवीकडे वळतो
आणि त्याच्या उजवीकडून निघालेला मरतो.
त्या दिव्यावर माझा कधीच विश्वास बसला नाही.
माझा विश्वास फक्त सासूबाईंवर.

मार्चमध्ये त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.
डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरचं सर्वांत मोठं अक्षर दाखवलं,
दुकानाच्या पाटीवर शोभेल एवढं.
सासूबाई म्हणाल्या, "कुठे?"
"असं कधीपासून?"
"चार वर्षं होतील. आधीही फारसं नव्हतं."

चार वर्षं. दर शनिवारी.
जाताना ट्रक, येताना ट्रक.
कधी मागे माझी दोन्ही मुलं झोपलेली.

पार्किंगमध्ये किल्ली हातातून दोनदा पडली.
पट्टी बांधलेल्या डोळ्यानं त्यांनी ती पडल्याची जागा बरोबर दाखवली.
"ऐकू येतं की मला," त्या म्हणाल्या.
"समोरून कुणी येत असलं की ट्रकचा आवाज
भिंतीवर आपटल्यासारखा परत येतो.
मोकळं असलं की सांडून जातो.
चुकले का कधी?"

नव्हत्या चुकल्या.
एदिल्सनला हे सांगायचं की नाही
ते अजून ठरलेलं नाही.

परतताना एक ट्रक, लाकडं भरलेला.
त्यानं उजवा दिवा लावला.
मी डाव्या खुर्चीकडे पाहिलं.
"डॉक्टरीण म्हणाली, दोन दिवस ताण द्यायचा नाही,"
एवढं बोलून त्या पिशवीची गाठ सोडत बसल्या.
बत्तीस किलोमीटर मी त्या लाकडांच्या मागे.
बिचारा दिवा लावत होता, विझवत होता, पुन्हा लावत होता,
शेवटी हात बाहेर काढून त्यानं जे केलं
त्याचा अर्थ दोन्ही देशांत एकच.

पूल. पोटाखालचा रस्ता. पुन्हा डावी बाजू.
आता मी मध्याशी, मला सगळं दिसतं:
लाल माती, वारुळं, लांबवर एक गाय,
दुसरं कुणीच नाही.

"वाइ," सासूबाई म्हणाल्या.

मी हॉर्न दिला.