पिठाची मगर

मारुती रोडवरच्या दुकानात साचे होते:
चांदणी, बदाम, टोपीवाला म्हातारा,
आणि एक झाड, जे आपल्याकडे उगवत नाही.
मगर नव्हती.
सम्मेदला मगरच हवी होती.

त्यानं ती पाहिलीय. हरिपूरच्या बाजूला,
पाणी ओसरल्यावर, गाळावर पडलेली,
कुणीतरी विसरून गेलेल्या ओंडक्यासारखी.
तेव्हापासून वहीच्या शेवटच्या पानावर मगरी,
गणिताच्या पेपरात उत्तराऐवजी शेपूट.

म्हणून बाबालालकडे गेले.
तो नरसाळी करतो, धान्याची मापं, चाळण्यांना कडा.
तेलाच्या डब्याची पट्टी कापली,
वहीतलं चित्र गुडघ्यावर ठेवलं,
पक्कडीनं एकेक वळण दिलं आणि विचारलं,
"वहिनी, दात ठेवू का?"
दात पिठात टिकायचे नाहीत, मी म्हटलं.
"मग गरीब मगर," तो म्हणाला,
आणि तीस रुपये घेतले.

लोणी, पिठीसाखर. फेसत राहायचं
हात भरून येईपर्यंत.
मैदा, कोको. अंडं नाही, आमच्यात चालत नाही;
दोन चमचे दूध पुरतं.
गोळा फ्रीजमध्ये तासभर,
आणि सम्मेद दर पाच मिनिटांनी दार उघडून
तो झोपलाय का बघणार.

मग लाटलं. पोळीपेक्षा जाड, भाकरीपेक्षा पातळ,
याहून नेमकं माप मला सांगता येत नाही.
साचा दाबला, उचलला.
ओट्यावर पहिली मगर.
आणि तिच्या जागी, लाटलेल्या पिठात,
मगरीएवढं काहीच नाही.
सम्मेद मगरीकडे बघेना, भोकाकडेच बघत राहिला.
"ही खाली गेली," म्हणाला. "श्वास धरून."

अकरा झाल्या. दोघींच्या शेपट्या साच्याला चिकटल्या,
त्या पाणी लावून जोडल्या.
एकशे सत्तरवर बारा मिनिटं.
कोकोचा वास जिन्यापर्यंत गेला असणार,
कारण अण्णा,
दिवस मावळायच्या आत जेवण उरकून
हात पुसत आत आले,
ताटलीत पाहिलं,
आणि आवाज न चढवता म्हणाले,
"आकार दिला की जीव आला, पोरी.
पिठाचा असला तरी.
आता हिचं डोकं कुठल्या तोंडानं मोडणार?"

मी काही बोलले नाही.
पाव किलो लोणी गेलं होतं, विकतचं.
राग आला तो त्यांचा नव्हता.
मी सहा वर्षांची असताना जत्रेत
माझ्या हातातून साखरेचा हत्ती
असाच, याच शब्दांत, काढून घेतला होता.
सोंड मी आधीच चाटून संपवली होती.
ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

सम्मेदनं मगरी ओळीत मांडल्या,
तोंडं नदीकडे.
कडांचे, कोपऱ्यांचे, पायांमधल्या फटींचे तुकडे,
ना डोकं ना शेपूट,
ते आम्ही दोघांनी खाल्ले. कुरकुरीत होते.
अण्णांनी खिडकीबाहेर पाहिलं,
पुलावरचे दिवे लागले होते.
"माझे दोन सकाळसाठी ठेव," म्हणाले.
"तुकडेच हं."

एक गोळा उरला होता, मगरीला न पुरणारा.
तळव्यांत वळला, जरासा दाबला,
ओव्हनच्या उरल्या धगीत सरकवला.
निवायच्या आधीच म्हटलं,
"याला काही आकार नाही बघ. हा खा."
सम्मेदनं उलटून पालटून पाहिलं.
"हे अंडं आहे," तो म्हणाला.
"अंडं आपण खात नाही."
आणि ते मगरींच्या मध्ये ठेवून झोपायला गेला.

रात्री पाणी प्यायला उठले.
दिवा लावला नाही.
बोटांनी मोजल्या: दहा.
पुन्हा मोजल्या नाहीत.
अंडं अजून कोमट होतं,
किंवा मला तसं वाटलं.