नावाच्या जागी वेल

सेन्योर एरिबेर्तो,
गिटार तयार आहे.
पाठीला पालो एस्क्रितो घातलंय, तुम्ही म्हणालात तसंच.
म्हणजे ‘लिहिलेलं लाकूड’.
त्यावरच्या काळ्या रेघांत काय लिहिलंय
ते पाराचोत अजून कुणाला वाचता आलेलं नाही.
माझा नवरा पेरानं ठोकतो,
कान लावतो,
हुं म्हणतो आणि फळी बाजूला ठेवतो.
तेवढंच त्याचं वाचन.

मानेचं काम माझं.
आबनुसाची पट्टी, दौतीत बुडवून काढल्यासारखी,
आणि तिच्यात शिंपला.
तो येतो बाहाच्या किनाऱ्यावरून
जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून,
खारट वास घेऊन.
मी समुद्र पाहिलेला नाही.
इथं डोंगर, पाइनचा धूर,
जूनमध्येही सकाळी खांद्यावर शाल.
पण रोज चार इंच समुद्र कापते मी
केसाएवढ्या पात्याच्या करवतीनं,
तोंडाला फडकं बांधून,
कारण ती पूड छातीत बसली की उठत नाही.
माझ्या सासूच्या बसली होती.

तुमचं पहिलं पत्र अजून भिंतीला टाचलेलं आहे.
पाचव्या पडद्यापासून बाराव्यापर्यंत
एका घरात एक अक्षर: माक्लोव्हिया.
आमच्या लिपीत आठ.
लग्नाला पंचवीस वर्षं, लिहिलं होतंत,
आणि खाली दोन रेघा मारल्या होत्यात.
मी अकरा दिवस घेतले.
पहिल्या अक्षराची शिखरं हिरवी निघाली, मधली दरी जांभळी.
शेजारची पेत्रा बघायला आली,
म्हणाली, असं नाव माझं असतं
तर मी हाकेलाही लगेच ओ दिली नसती.

मग मंगळवारी तुमचा फोन.
फ्रेस्नोहून, मागे ट्रकचा आवाज.
‘नाव काढून टाका.’
मी काही विचारलं नाही.
तुम्हीही ठेवला नाहीत फोन,
ट्रक बराच वेळ ऐकू येत राहिला.

इस्त्री तापवून शिंपला सोडवला.
पाच अक्षरं फुटली.
खड्डे उरले,
आणि खड्ड्यांना नेमका तोच आकार.
लुकण भरावं तर तिरप्या उजेडात
ती पुन्हा वाचता आली असती.
नवरा म्हणाला, पट्टीच बदल.
मी म्हटलं, पट्टीनं काय केलंय?

खड्डेच वाढवले.
दोन शिखरांची दोन पानं केली, एक थोडं किडलेलं.
उभ्या अक्षराचा देठ.
गोल अक्षराच्या पोटातलं आबनूसही कोरून काढलं,
तिथं फळ बसवलं.
शेवटच्या घरात जागा उरली,
तिथं कळी ठेवलीय, मिटलेली.
आबनुसाचा भुसा सरसात कालवून फटी भरल्या,
घासलं, पुन्हा घासलं.
आता ती वेल आहे.
डोळे मिटून हात फिरवा, कुठं काही लागणार नाही.
नवव्या घरात बोट थबकलंच
तर ते लाकडामुळे नाही.

जी तीन अक्षरं शाबूत निघाली
ती माझ्या धाकटीनं पळवली.
आठ वर्षांची आहे, नुकती वाचायला लागलीय.
खिडकीच्या कट्ट्यावर तिनं ती मांडून ठेवलीत:
ओ, एल, ए.
ओला.
आमच्याकडे ओला म्हणजे लाट.
तिला म्हटलं, ही परत द्यायला हवीत, पाहुण्यांची आहेत.
ती म्हणाली, पण ही तर समुद्राची आहेत.
तुम्ही मागितलीत तर पाठवीन.
मागू नका.

बिल पूर्वीचंच आहे.
वेलीचे वेगळे लावले नाहीत,
अकरा दिवसांचेही सोडले नाहीत.
नव्या तारा पहिल्या आठवड्यात उतरतात,
रोज चढवाव्या लागतील.
थंडीत भिंतीला टेकवून ठेवू नका.

ओतिलिया साल्पा