एक लाख चार हजार सातशे एकोणतीस

झर्म्याच्या काजूच्या डोंगराची मोजणी
मी मार्चात केली. टेपला बोंडूंचा रस चिकटत होता.
क्षेत्र भरले
एक लाख चार हजार सातशे एकोणतीस चौरस मीटर.
वारस तीन : नवसो, गुणाजी, जानकी.
आमच्याकडे जुना पोर्तुगीज कायदा,
बहिणीचा वाटा भावाएवढाच.

चिऱ्यावर वही ठेवून तीनने भागले.
बाकी दोन.
'दशांशात लिहितो,' मी म्हणालो.
नवसो म्हणाला, 'जमिनीला पॉइंट नसतो.'

मग उगाच चाळा लागला.
पाचने भागले, चार उरले. सातने, पुन्हा दोन.
तेराने भागताना वाटले, आता सुटला;
एक उरला.
जानकी बोंडू तुडवता तुडवता हसली :
'बापूससारखो हट्टी.'

रात्री वाळपईच्या खोलीत
एक-चौदाच्या उताऱ्यामागे मी भागत बसलो.
सगळ्या संख्यांनी भागायची गरज नसते.
भाजक जोडीने येतात, जोडीत एक धाकटा असतो
आणि इथला धाकटा तीनशे तेवीसच्या वर जाऊच शकत नाही.
म्हणजे दोनपासून तीनशे सतरापर्यंत
सहासष्ट मूळ संख्या, सहासष्ट भागाकार.
एकोणीसने एक ठेवला. त्रेपन्ननेही एकच.
(किती जवळून गेले हे लोक!)
शेवटच्या तीनशे सतराने एकशे एकोणीस ठेवले
आणि बाहेर कदंबची पहिली बस गुरगुरली.

संख्या मूळ होती.
कुठल्याही सारख्या ओळींत न बसणारी.
एवढ्या चौरस फरश्या आणल्या
तर त्यांची एकच लांबच लांब रांग होईल,
आयत कधीच नाही.

पण चारने भागून एक उरतो अशी मूळ संख्या
दोन वर्गांत फुटते, आणि एकाच रीतीने :
तीनशे तेवीसचा वर्ग, अधिक वीसचा.
मी दोन चौकोन काढले,
एक मोठा, एक त्याच्या पायाशी बसलेल्या वासराएवढा.
डोंगर अर्थात चौकोनी नव्हता.
तो बैलाच्या वशिंडासारखा होता, तसाच राहिला.

पुढे साखळीच्या एका मास्तरांकडे जुनी कोष्टके मिळाली.
शेवटच्या पानावर, शेवटच्या ओळीत
माझा डोंगर :
दहा हजारावी मूळ संख्या.
मागची शेजारीण सहा घरे अलीकडे,
पुढची चौदा घरे पलीकडे,
मधे नुसती भाज्य वस्ती.
ते पान मी कुणाला दाखवले नाही.
दाखवून काय सांगणार?

वाटणी झाली.
प्रत्येकी चौतीस हजार नऊशे नऊ.
उरलेले दोन मीटर राखणदाराच्या नावे लिही, नवसो म्हणाला.
कारकुनाने राखणदाराचे आधार कार्ड मागितले.
शेवटी लिहिले : सामाईक.

वर, दगडाजवळ, मी चार खुंट्या ठोकल्या.
दोन मीटरांत तिघे मावतात का, पाहायला
तिघेही आत आले.
मावले.
मात्र जानकीला आपला हात
गुणाजीच्या खांद्यावर ठेवावा लागला,
आठ वर्षांनी.