अर्ध्या तासाचा ठोका

भुसावळात जामनेर रोडला माझं दुकान, सहा बाय आठ.
एक स्टूल, एक टेबल, डोळ्याला भिंग,
आणि बत्तीस वर्षं वाकलेला मी.

धंदा होता तेव्हा पाठ दुखली नाही.
गिऱ्हाईक आलं की उठायचो,
वरच्या फळीवरून भिंतीचं घड्याळ काढायचो,
रेल्वेच्या गार्डांना, ड्रायव्हरांना
पायरीपर्यंत सोडायला जायचो.
त्या लोकांना मिनिटाची किंमत होती.
आता वेळ खिशातून काढून बघतात.
दिवसाला चार सेल बदलतो, एखादा पट्टा,
बाकी नुसता बसतो.
त्या बसण्यानंच गाठलं.

एका सकाळी चप्पल घ्यायला वाकलो
तो तसाच राहिलो,
साडेसहाला दोन्ही काटे खाली, तसा.

वारकेंची मोनाली फिजिओथेरपी शिकून आलेली.
म्हणाली, काका, गोळ्या राहू द्या, आधी टेबल उंच करा.
घड्याळ डोळ्यांपाशी आणायचं,
डोळे घड्याळापाशी न्यायचे नाहीत.
बत्तीस वर्षांत हे सुचलं नव्हतं मला.
टेबलाच्या पायांखाली चार विटा आल्या,
कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल.
आणि दर अर्ध्या तासाला उठायचं.
मोबाईलवर गजर लावा, म्हणाली.
मोबाईलवर!
मी!

फळीवर एक ठोक्यांचं घड्याळ होतं,
मालगाडीच्या फलक ड्रायव्हरचं.
दुरुस्तीला टाकलं, बदली झाली, न्यायला आलाच नाही.
धूळ पुसली, चावी दिली.
आता त्याचा ठोका पडला की मी उभा.
दोन्ही हात कमरेवर, जरासा मागे झुकतो,
दारापर्यंत जातो,
सावद्याकडून आलेला केळीचा ट्रक बघतो,
उन्हानं पांढरा पडलेला रस्ता बघतो,
परत येतो.

पहिल्या आठवड्यात लाज वाटायची.
समोरचा सायकलवाला हुसेन तडवी ओरडला,
झोपेभाऊ, राष्ट्रगीत लागलं का?

एकदा साडेअकराचा ठोका पडला, मी उठलो,
नेमके तेव्हाच एक म्हातारे गृहस्थ दारावरून चाललेले.
त्यांना वाटलं, त्यांच्यासाठी उठलो.
थांबले. हात जोडले.
म्हणाले, बरीच वर्षं झाली, कुणी उठलं नाही,
आणि मनगटावरचं बंद घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.
पाठीचं काही बोललो नाही मी.
पैसे मात्र कमी घेतले.

अर्धं दुकान लोकेशला भाड्यानं दिलंय.
बावीस वर्षांचा. मोबाईल उघडून बसतो
पाठीचा विळा करून.
ठोका पडला की त्याच्या स्टुलाला पाय लावतो,
ऊठ रे भो.
काका, मला कुठे दुखतंय?
दुखत नाही तोवरच ऊठ.
कुरकुरत उठतो, दारात उभा राहतो,
तिथंही मान खाली, हातात मोबाईल.
त्याच्या हनुवटीखाली बोट लावतो.
चिडतो. पण वर बघतो.

फलक कधी आलाच
तर घड्याळ द्यावं लागेल.
पावती माझ्याच अक्षरातली आहे.
सवयीनं स्टूल पुढे करेन त्याला,
मग आठवेल,
इंजिनात बसून बसून त्याचीही कंबर गेली असणार.
स्टूल बाजूला सारेन.
उभ्या उभ्याच बोलू.