काय करून राहिली

पुण्यात दोन वर्षं मी ते क्रियापद
रुमालासारखं आत खोचून फिरले.
‘काय करून राहिली?’ एवढं निसटलं
की मेसचं अख्खं टेबल हसायचं.
मग शिकले: काय करतेयस.
कुणाचंच काही अडलं नाही.

सालामान्कात, रेमेदिओसबाईंच्या स्वयंपाकघरात
मेणकापडावर पावाचा चुरा,
फ्रिजवर त्यांच्या मुलाचा शाळेतला फोटो.
त्याच्याच खाटेवर मी झोपायचे, पाय बाहेर काढून.
बाईंनी घास उचलून दाखवला:
एस्तोय कोमिएन्दो.
पुन्हा म्हणाल्या, हळू, नातवाला सांगावं तसं.
वर्गातल्या दोघी आठवडाभर इथेच अडल्या होत्या.

जेवून राहिली, मी म्हटलं.
मोठ्यांदा. मराठीत.

हसले कशाला, ते त्यांना कळलं नाही.
आणि नंतर नळाखाली
एकच बशी इतका वेळ का धुऊन राहिली होती, तेही.

आता मानेवाडा. मे. सत्तेचाळीसला टेकलेली दुपार.
कूलरची खस वाळली म्हणून मी मग घेऊन उभी,
तेवढ्यात फोन.
आई ओले हात गाऊनला पुसते,
केस सारखे करते, पडद्यात तोंड घालून विचारते,
‘काय करून राहिल्या जी?’

बाई मसूर निवडायची परात कॅमेऱ्यापुढे धरतात,
काहीतरी लांबलचक सांगतात.
आई म्हणते, हो का. खडे निघतात का तिकडे?

दोघींपैकी कुणीच माझ्याकडे बघत नाही.
मी खसेवर पाणी मारून राहिली.