रस्त्याच्या बाजूची खोली

नकाशा फुकट आहे, घ्या.
तार्तूत येणाऱ्या सगळ्यांनाच
निळ्या पेनने गोल करून देते मी:
हे विद्यापीठ, सहा पांढरे खांब, चुकणार नाही.
हे वनस्पती उद्यान, बाहेर बर्फ असला तरी
आत ताडाची झाडं घामाघूम.
हे कललेलं घर. एक बाजू शहराच्या जुन्या तटावर,
दुसरी लाकडी खुंटांवर;
खुंट खचले, तट नाही.
आणि हा पूल श्वास रोखून ओलांडायचा,
इच्छा पुरी होते म्हणतात.
माझी? मी रोज त्यावरून कामाला येते,
किती वेळा रोखणार.

बावीस वर्षं रात्रपाळी.
लिफ्ट कुरकुरते, न्याहारीला काळा पाव, खारवलेला मासा,
आणि ऑगस्ट सरताना आईबाप.
लगेच ओळखू येतात:
जाताना बॅगा रिकाम्या असतात
तरी जड उचलल्यासारख्या उचलतात.

काल काल्यू आला, हीउमा बेटावरचा.
फेरीबोटींची इंजिनं दुरुस्त करतो,
पेन पान्यासारखं धरून सही केली.
मी नकाशा उलगडला. सहा खांब, म्हटलं, ताडाची—
"ते राहू द्या.
रस्त्याच्या बाजूची खोली आहे का?"

ती बाजू कुणी मागून घेत नाही.
समोर वसतिगृह, रात्रभर गिटार,
कुणीतरी सायकल आपटतं, कुणीतरी हसतं.
दिली. चौदा नंबर.

बाराला टॉवेल घेऊन वर गेले.
दिवा बंद. अंगात कोट. खुर्ची खिडकीशी.
"चौथा मजला," तो म्हणाला,
बिघाड कुठे आहे ते दाखवावं तसा,
"डावीकडून तिसरी. त्रीनू.
तिला वाटतंय मी सहाच्या बसने गेलो."

समोर एक सावली
उंच फळीवर काहीतरी ठेवत होती.
ते पडत होतं.
ती पुन्हा ठेवत होती.
"खालून पाचर हवी," तो काचेला म्हणाला.

दीडला ती खिडकी विझली, असं त्यानेच सांगितलं,
पहाटे पाचला किल्ली देताना.
न्याहारीचे पैसे भरलेले. थांबला नाही.

सफाईवाली यायच्या आधी मीच वर गेले.
चादरीची घडी मोडलेली नव्हती.
नकाशा टेबलावर, माझे गोल जसेच्या तसे,
आणि समासात पेन्सिलने
शुक्रवारच्या फेरीबोटींच्या वेळा,
सगळ्या बेटाकडे येणाऱ्या.
जाणारी एकही नाही.